गोफणीच्या ओळीतलं भोक

मी शस्त्रांचा तक्ता बोलतोय. खोडून खोडून माझी पार चाळण केलीय या लोकांनी, म्हणून बोलतोय.

शलाकाने मला जयनगरच्या दुकानातून आणलं, तेव्हा मी कोरा करकरीत जाड कागद होतो. ती एक खेळ चालवते. दर रविवारी तिच्या घरी मंडळी जमतात, जो तो एकेक काल्पनिक वीर होतो आणि फासे टाकून राक्षसांशी लढतो. कोणत्या शस्त्राच्या घावाला किती गुण, ते माझ्यावर लिहिलेलं. दांडपट्ट्याला दहा, भाल्याला आठ, गोफणीला चार.

झालं! पुढच्याच रविवारी सगळ्यांच्या हाती पट्टे. एकट्या वीणाने गोफण सोडली नाही. तिची नायिका शेत राखणारी पोर, तिला पट्टा कोण देणार?

"अक्का, माझी पाळी येईपर्यंत राक्षस मेलेला असतो," ती म्हणाली.

शलाकाने रबर उचललं. गोफणीला सहा केले, तर पुण्याहून आलेला आयटीवाला श्रीरंग फुगून बसला. "हे अनफेअर आहे यार. मी एक्सेलमध्ये ॲव्हरेज काढलंय." मग पट्टा नऊ, गोफण पाच. पुन्हा खोडा! बारा रविवार हाच छळ. राक्षसांना जेवढे घाव बसले नसतील तेवढे मला बसले. मला भयंकर राग यायचा, पण कागदाला विचारतो कोण?

शेवटी वैतागून शलाकाने सगळ्यांनाच सात दिले. "सरी ना? ठीक ना? आता सगळे सारखे."

"मग माझ्यापुढेही पट्टाच लिही," वीणा म्हणाली आणि उठली. "पुढच्या रविवारी माझी वाट बघू नका."

शलाकाने घाईघाईने गोफणीचा सात खोडायला घेतला आणि मी फाटलो. आकड्याच्या जागी भोक पडलं. तिथे आता काहीच लिहिता येईना.

शलाका भोकाकडे बघत राहिली. मग तिने हाक मारली, "वीणा, तुझ्या गोफणीने काय काय करता येतं ग?"

वीणाने एक चप्पल घातली होती. "लांबच्याला अडवता येतं. दगड कुठेही मिळतात, संपत नाहीत." मग ती म्हणाली, "इतक्या दिवसांत आज विचारलंस."

शलाका ते भोकाशेजारी शब्दांत लिहितेय. श्रीरंग विचारतोय, "पण आकडा किती?"

अरे बाबांनो, आकडा राहू द्या. वीणा अजून दारात उभी आहे. आधी तिला आत बोलवा.