प्यायला जागा

घड्याळजीच्या दुकानात एकशेदहा घड्याळं होती आणि सगळी एकच वेळ दाखवत. त्यात काय विशेष, असं ज्याला वाटेल त्याने आपल्या घरातली दोन घड्याळं एकदा जुळवून पाहावीत. दुकान बंदराच्या रस्त्यावर, रुंदीला जेमतेम पाच फूट. उजव्या डोळ्याला भिंग लावून तो सकाळी नऊला वाकायचा तो दुपारी एकलाच सरळ व्हायचा. दोन चाकांमध्ये केसाइतकी नको ती फट दिसली तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. फट आली की धूळ आली, आणि धूळ आली की घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडलंच. माणसांकडेही तो साधारण असाच बघायचा.

अशा माणसाने जुनी लाकडी शिडाची नाव दुरुस्त करायला घ्यावी, हा नावेवर आणि माणसावर, दोघांवरही अन्यायच होता. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण घरामागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेलं असे.

कारण म्हणजे सासरे. घड्याळजी त्यांना मामा म्हणायचा. मामांनी चाळीस वर्षं नाव चालवली होती आणि बोलण्याची सवय त्यांना लागली नव्हती. दिवसाला वीसेक शब्दांत त्यांचं भागे. लग्न ठरवताना मात्र त्यांनी चैन केली होती. "मुलगा चांगला आहे," ते सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "पण पाण्यातला नाही. घड्याळात थेंब गेला तरी रडेल." मुलगी हसली आणि तिने तरीही त्याच्याशीच लग्न केलं. घड्याळजी मात्र हसला नाही. आयुष्यभर लोकांच्या घड्याळांचे काटे काढून पुन्हा बसवणाऱ्या माणसाला हा एक काटा काही काढता आला नाही.

पुढे सासूबाई गेल्या, मामा लेकीकडे राहायला आले आणि त्यांची नाव खाडीकाठी उपडी पडून कुजू लागली. तेव्हा घड्याळजीने मनाशी ठरवलं. ही नाव आपण नवीकोरी करायची, मामांना तीत बसवून पाण्यात न्यायचं आणि त्यांच्या तोंडून 'शाबास' ऐकायचं. जास्त काही नको. दिवसाच्या वीस शब्दांतला एक, आणि तोही एकदाच.

"दोन वर्षांत करतो," तो बायकोला म्हणाला. त्याला सतरा लागली.

नाव ट्रकवरून आली आणि परसात पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. पहिल्या दिवशी मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, फळ्यांवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, प्यायला जागा ठेवा." मग आत जाऊन झोपले.

घड्याळजीला अगदी भरून आलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी आपल्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं! खरंच आहे, म्हातारा माणूस, दिवसभर उन्हापाण्यात जायचं, घशाला कोरड पडणारच. बाकी नाव सडकी असताना त्याने सगळ्यात आधी मागच्या बाकाजवळ, काठाच्या जाड पट्टीत, पाण्याच्या बाटलीच्या मापाची गोल खोबण कोरायला घेतली. ती सात महिने चालली. बाटली सोडली की आतली हवा हळूच सुटे, बाटली अलगद खाली जाई आणि 'खट्' असा आवाज होऊन बसे. वर त्याने पितळी बिजागरीचं झाकण लावलं. हे मामांना थेट पाण्यात दाखवायचं, असं ठरवून त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

मग फळ्यांची पाळी आली. सडक्या काढल्या, नव्या घातल्या, तांब्याचे खिळे ठोकले. पहिला उन्हाळा आला आणि पत्र्याखाली लाकूड सुकलं. फळ्याफळ्यांमध्ये बारीक फटी पडल्या.

फटी! घड्याळजीच्या अंगावर शहारा आला. त्याने दोन डब्यांतली मिसळून लावायची, दगडासारखी घट्ट होणारी लांबी आणली आणि डोळ्याला भिंग लावून फटी भरल्या. भरली की घड्याळाच्या स्प्रिंगची पातळ पाती घेऊन तो ती सांध्यात घालून पाही. पाती शिरली तर पुन्हा लांबी. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आणखी सुकलं, आणखी फटी पडल्या, त्याने आणखी भरल्या. हे वर्षानुवर्षं चाललं. लाकूडही हटेना आणि हाही.

मामा पहिली सात-आठ वर्षं संध्याकाळी शेडच्या दारात येत. "काथ्या भरा, काथ्या," एकदा ते म्हणाले. "लांबी कशाला?"

"काथ्यातून पाती जाते, मामा."

"जाऊ दे की."

"जाऊ दे की! असं म्हणूनच तिची ही गत झाली," घड्याळजी बोलून गेला. मग बोललोच आहोत तर पुरतं बोलावं म्हणून पुढे म्हणाला, "तुम्ही आता बघायचं ते थेट पाण्यात. तोवर या दारात येऊ नका."

मामा आले नाहीत. त्यांनी व्हरांड्यातली खुर्ची उचलली, फिरवली आणि शेडकडे पाठ करून बसले. एका घरात, एका परसात, आठ हातांच्या अंतरावर, नऊ वर्षं. जेवायला बसले की एकमेकांना मीठ देत, पण नावेचं नाव निघत नसे. घड्याळजीला रोज वाटे, जाऊन खुर्ची सरळ करावी. पण नाव झाली की ती आपोआप फिरेल, असं म्हणून तो पुन्हा भिंग लावी.

त्याची बायको शिवणकाम करायची. गणवेश, पडदे, लहान मुलींचे फ्रॉक. शीड तिनेच शिवायला घेतलं होतं. एकदा गळ्यात टेप अडकवून ती माप घ्यायला शेडमध्ये आली आणि नवऱ्याला लांबी दाबताना बघत उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "जरा माया ठेवा की."

घड्याळजीचा हात थांबला. त्याला एकदम अपराधी वाटलं. खरंच, किती वर्षं आपण हिच्याशी धड बोललो नाही. त्या रविवारी त्याने शेडला कुलूप लावलं आणि तिला बंदरावर फिरायला नेलं, बाकावर बसून आईस्क्रीम खाल्लं. तिने त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं, पण हरकत घेतली नाही. त्यानंतर महिन्यातला एक रविवार तसा ठरूनच गेला.

सतराव्या वर्षी मामा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी घड्याळजीला बाजूला घेतलं. "तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो," ते म्हणाले, "चावी संपत आलीय. धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका." घड्याळजी घरी आला तो सरळ शेडमध्ये गेला. सतरा वर्षं तो घाई न करण्याचा अभिमान बाळगून होता, आणि एकशेदहा घड्याळांच्या मालकाकडे आता वेळच नव्हता. शेवटचा रंगाचा हात त्याने आठवड्यात उरकला.

शुक्रवारी नाव पाण्यात उतरली. बेकरीवाला, डॉक्टर, औषधाच्या दुकानातले सगळे धक्क्यावर जमले. इतकी वर्षं कोरड्यात राहिलेली नाव पहिल्या दिवशी गळणार, हे बंदरावर पोरासोरांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणीतरी दोन बादल्या आणून ठेवल्या होत्या. अर्धा तास झाला, तास झाला. नाव कोरडी ठणठणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मामा काठी टेकत पुढे आले. "थेंबसुद्धा नाही?"

"थेंबसुद्धा नाही, मामा!"

मामांनी वाकून बाहेरच्या अंगाला नख फिरवलं. "फटी कुठं गेल्या?"

"एक ठेवली असेल तर दाखवा."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा हरला, असा अर्थ घड्याळजीने लावला. ते डोळे कीव करत होते, हे त्याला दोन दिवसांनी कळलं. "रविवारी बसू," एवढंच म्हणून मामा घरी गेले. शाबास राहिलंच.

रविवारी साडेनऊला तिघं धक्क्यावर आली. बायकोच्या खांद्यावर घडी केलेलं शीड, मामांच्या हातात पाण्याची बाटली. नाव पायऱ्यांपाशी तशीच कोरडी, चकचकीत उभी होती. घड्याळजी दोर सोडायला वाकला आणि आतून आवाज आला. 'कट्.'

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. घड्याळाची मुख्य स्प्रिंग अशीच तुटते. मग दुसरा आला, तिसरा आला. दोन दिवस पाणी पिऊन फळ्या फुगल्या होत्या, आणि फुगायला सुईच्या अग्राइतकी जागा मिळेना म्हणून त्यांनी नावेच्या आतल्या बाकदार बरगड्याच मोडायला घेतल्या होत्या. सांध्यांतून लांबीच्या कडक पट्ट्या बाहेर पडू लागल्या. त्यांच्यामागून पाणी आलं. पायऱ्यांपाशी पाणी उथळ होतं, म्हणून नाव पुरती बुडालीसुद्धा नाही. ती सावकाश तळाला टेकली आणि काठ तेवढा पाण्याबाहेर ठेवून बसून राहिली.

सतरा वर्षं घड्याळजीच्या समोर पाण्यात बसली होती.

मामांनी काठी लेकीच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरायला लागले.

"बाबा, कुठं निघालात? डॉक्टर काय म्हणाले?"

"धक्का नको म्हणाले. धक्का सोडूनच चाललोय."

ते काठ ओलांडून आत गेले आणि मागच्या बाकावर बसले. पाणी कमरेला लागलं. "या, जावईबापू," ते म्हणाले. "बुडलेल्या नावेत भीती नसते."

घड्याळजी आत उतरून त्यांच्या शेजारी बसला. समोर पाणी, खाली पाणी, मधे दोन माणसं कमरेपर्यंत भिजलेली.

"लाकूड पितं," मामा म्हणाले. "पिऊन फुगतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं. प्यायला जागा ठेवा."

घड्याळजीने काठावरचं पितळी झाकण उघडलं, मामांच्या हातातली बाटली घेतली आणि खोबणीत सोडली. ती अलगद खाली गेली. 'खट्.'

मामांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते हसायला लागले. इतके हसले की बाकावरून घसरले, घड्याळजीने त्यांना धरलं, आणि वर धक्क्यावर लेकीने तोंडावर हात धरला. डोळे पुसून मामांनी बाटली वर काढली, एक घोट घेतला आणि पुन्हा सोडली. 'खट्.' पुन्हा काढली, पुन्हा सोडली.

"शाबास," ते म्हणाले.

सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द घड्याळजीला मिळाला, बाटलीच्या भोकासाठी. तो रडायला लागला. मामांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळात पाणी गेलं."

"जाऊ दे की," घड्याळजी म्हणाला.

"मीही सांगितलं होतं," वरून बायको म्हणाली. "माया ठेवा म्हणून. शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना, अंग भरलं तर उसवायला? ती माया."

"मग पुन्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही फिरायला नेलंत. आईस्क्रीम दिलंत. म्हटलं, नाव गेली उडत."

मामा बोटाने मोडक्या बरगड्या मोजत होते. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं, असं घड्याळजीच्या ओठावर आलं होतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"बरं," मामा म्हणाले. "खुर्ची फिरवा माझी."

संध्याकाळच्या ओहोटीला नाव उपसून ट्रकवरून परत शेडमध्ये आणली. दुसऱ्या दिवशी घड्याळजीने दुकान उशिरा उघडलं. मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ त्याने तसंच ठेवलं होतं. व्हरांड्यातली खुर्ची उचलून त्याने शेडच्या दारातून आत नेली, तोंड नावेकडे करून, नावेला अगदी खेटून ठेवली. मामा काठी टेकत आले, बसले आणि म्हणाले, "हलायला जागा ठेवा."

घड्याळजी खुर्ची मागे ओढायला वाकला आणि थांबला. "कुणाला, मामा? तुम्हाला, खुर्चीला की फळीला?"

मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हे विचारायला," ते म्हणाले, "सतरा वर्षं लागली."