दुपारची सुट्टी

“हे वाचायचं. शब्दाला शब्द.” श्रीपादरावांनी कागद पुढं धरला.

परशरामनं हात पुढं केला नाही. निपाणीतल्या या पत्र्याच्या थेटरात तो अकरा वर्षं पडद्याशेजारी उभा राहून मुक्या चित्रांना बोलतं करत होता. मालक श्रीपादरावांना नाद विचित्र चित्रांचा. मुंबईत कुणी हात लावणार नाही असली, परमुलखातली, ना देव ना मारामारी. चित्राच्या मधेमधे येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या जर्मन की रशियन, कुणाला ठाऊक. परशराम त्यातले चेहरे बघायचा आणि बोलायचा. तेवढीच त्याची विद्या.

“काय ल्हिवलंय?”

“गिरणीतल्या बायका काम थांबवतात, तिथं म्हणायचं, दुपारची सुट्टी झाली. भाकरी खाऊन परत कामाला लागल्या.”

“काल बघिटलंय मी चित्र. न्हाय लागत त्या परत कामाला. मुकादम हात जोडतोय, तरी लागत न्हाईत.”

“आज मारुतीराव वखारवाले येणार आहेत. ही जागा त्यांची आहे.”

“मग त्यास्नीच हुबं करा पडद्याफुडं!”

“परशराम!” श्रीपादरावांचा आवाज चढला, तसाच खाली आला. “थेटर बंद पाडतील रे. मग ही चित्रं या गावात कोण आणणार?”

परशरामनं कागद हिसकून घेतला.

पाटी.

बाजारचा दिवस, तंबाखूच्या वखारी बंद. सगळी जमीन वखारीतल्या बायकांनी भरलेली. पुढं एकच खुर्ची, तीत मारुतीराव. खुर्चीमागं परशरामची थोरली बहीण अंबुबाई. वीस वर्षं ती मारुतीरावांच्याच वखारीत तंबाखू चाळत होती.

पडद्यावर हात. नुसते हात. सूत ओढणारे, तुटलं की गाठ मारणारे.

“बघा गं, कसं पळत्यात!” परशरामला सूर सापडला. “घरात पोर रडतंय, पर हात थांबत न्हाय!”

“आमच्यापरास हळूच हाईत की!” मागून एकजण ओरडली. हशा पिकला.

पाटी.

हात थांबले.

परशरामनं कागद डोळ्यांजवळ धरला. “दुपारची सुट्टी झाली. बायका भाकरी खायाला…”

“कुठं हाय भाकरी?” अंबुबाईनं विचारलं.

“आक्का, गप बस.”

“गप काय? भाकरी खाताना तोंडं अशी असत्यात व्हय रं? डोळं फुटलं का तुजं?”

“कागदात हाय!”

“कागूद बघून कवापास्नं बोलाय लागलास?”

यावर कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. परशरामला राग आला, श्रीपादरावांचा, खुर्चीचा, खरं बोलणाऱ्या बहिणीचा. सगळ्यांत जास्त आपल्या जिभेचा.

पाटी.

पाटी.

“बोल की रं!” मारुतीराव गरजले.

परशराम पडद्याशेजारच्या ओट्यावरून खाली उतरला. कागद त्यानं मारुतीरावांच्या मांडीवर ठेवला.

“तुमचं हाय. तुमीच वाचा.”

आणि तो बायकांत, आक्काशेजारी, जमिनीवर बसला. उद्यापासून पडद्याशेजारी दुसरं कुणीतरी उभं राहणार, हे त्याला कळत होतं.

मारुतीरावांनी कागदाला हात लावला नाही. पडद्यावर एक बाई सरळ खुर्चीकडं बघत होती आणि तिच्या वतीनं बोलायला आता कुणी नव्हतं. नुसती चित्राच्या मशीनची खडखड. तेवढ्यात मागं एक बाई खोकली. मग दुसरी. मग सगळं थेटर खोकू लागलं, छातीच्या तळातून. तो तंबाखूच्या धुळीचा खोकला होता आणि मारुतीरावांनी मागं वळून पाहिलं नाही.