ड्रेसिंगच्या खोलीबाहेर

उकळतं तेल भट्टीवाल्याच्या दोन्ही पायांवर सांडलं, तेव्हा बातमी घेऊन आलेल्या हॉटेलच्या मॅनेजरला भट्टीवाल्याच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "प्यायले होते का?"

मॅनेजर चपापला. "नाही हो वहिनी. कढईचा कान तुटला."

तिला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली. नवऱ्याने दारू सोडून बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या मनातून ती गेली नव्हती.

जळीत वॉर्डात दिवसाआड ड्रेसिंग असे. जखमेला चिकटलेलं गॉझ पाण्याने भिजवून सोलून काढायचं, मेलेली कातडी खरवडायची, मलम थापून पाय पुन्हा गुंडाळायचे. आधी सिस्टर एक इंजेक्शन देई. ते भिनलं की तो डोळे अर्धवट मिटून कण्हत पडे, पण निभावून नेई.

एका सकाळी ती डबा घेऊन आली, तर तो सिस्टरला विनवत होता, "आज थोडं जास्त द्या ना. एकदाच. पुन्हा नाही मागणार, शप्पथ."

ती दारातच थबकली. तोच आवाज. तीच लाडीगोडी. याच आवाजात तो दारूच्या पैशांसाठी कपाटाची किल्ली मागायचा आणि नाही म्हटलं की हात उगारायचा. एकदा त्याने मनगट पिरगळून हाड मोडलं होतं. न्हाणीत पडले असं सांगून, दात आवळून कळ सोसत, तिने ते एकटीने जाऊन बसवून घेतलं होतं.

ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ते पट्टीचे पिणारे होते, बाई. आता या इंजेक्शनची चटक लागलीय. बंद करा ते. उद्या निस्तरायला मीच आहे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रात्रपाळीने पेंगुळलेल्या. "हे आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "ठीक आहे, साध्या गोळ्यांवर ठेवून बघू."

पुढच्या ड्रेसिंगला दार लागलं. ती आणि सासू बाहेर बाकावर बसल्या होत्या. पहिली किंकाळी आली तशी म्हातारीच्या हातातली पाण्याची बाटली गळून पडली. तो आधी आईला हाका मारत होता, मग बायकोला. "छबे! अगं छबे, सांग यांना! मारून टाका म्हणावं, पण हे नको!"

"सूनबाई, जा ना आत," म्हातारी रडत म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"त्यांच्याच भल्यासाठी चाललंय, आई."

ती खोटं बोलत नव्हती, पण सगळं खरंही बोलत नव्हती. म्हातारीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. ती मात्र कान देऊन ऐकत होती, आणि छातीत कित्येक वर्षं धगधगणारं काहीतरी हळूहळू निवत होतं.

त्यानंतरच्या ड्रेसिंगला ती शिवणकाम अर्धवट टाकून आली. यायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला तर ती घरीच ठेवून आली होती.

या वेळी सिस्टर मधेच बाहेर आली. अ‍ॅप्रन भिजलेला, चेहरा लाल झालेला. "तुम्ही सांगितलंत म्हणे इंजेक्शन बंद करायला? दारू पीत होता म्हणून कातडी गेंड्याची झाली का त्याची?" उत्तराची वाट न बघता ती डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

डॉक्टरीणबाई आत जाऊन आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी झाली. दुखतंय म्हणून औषध मागणं म्हणजे व्यसन नव्हे. आपण बेताने देऊ, जखम भरत आली की कमी करत आणू. धास्तीने तो जेवेनासा झालाय, मग जखम भरायची कशी?"

तिने मान डोलावली. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, कमी होत होत बंदही झालं. त्याने जास्तीचं कधी मागितलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी दुपारी ती त्याच्या पायांच्या नव्या, गुलाबी कातडीला तेल लावत होती.

"सिस्टर म्हणाली, इंजेक्शन तू बंद करवलंस."

"हो. चटक लागेल म्हणून."

"तेवढ्याचसाठी?"

हो म्हणाली असती तर निभलं असतं. तिचा हात थांबला. "नाही."

"मग? बरं वाटलं?"

"वाटलं."

त्याने पाय ओढून घेतला.

घरी आल्यावर तो दारूला शिवला नाही, तिच्या अंगावर कधी धावून गेला नाही. तेल चोळायला मात्र आईलाच हाक मारायचा. म्हातारी गुडघे धरत खाली बसायची, तिचे हात थरथरायचे, अंगठा नको तिथे रुतायचा. तो कण्हला की बाहेरच्या खोलीतली शिवणयंत्राची घरघर थांबायची आणि तो गप्प झाल्यावरच पुन्हा सुरू व्हायची.