डाव्या ओठाची नस

इनशिराह शिवायला बसली की टाचण्या तोंडात धरायची, खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात. तिचा नवरा फिक्री नेमका तेव्हाच भांडण उकरून काढायचा. "आता कशी गप्प?" म्हणायचा आणि जिंकल्यासारखा हसायचा. तो गेला, आणि त्यानंतर कधीतरी टाचण्या तिच्या ओठातून आपोआप गळून पडायला लागल्या. ओठाला पत्ताच नसायचा.

सगळ्या मुहर्रम बेक मोहल्ल्यानं एकमुखानं निदान केलं: दुःख! दुःखाच्या नावावर काय वाट्टेल ते खपतं. शेजारणी दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी पीत माना हलवायच्या, "नवरा गेल्यावर बाई बधिर होतेच गं." इनशिराहलाही ते पटलं, कारण तिला आतूनही काही लागत नव्हतं. मयताला ती रडली नाही, चाळिसाव्या दिवशीही नाही. आलेला माणूस रीतीप्रमाणे म्हणायचा, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." ती रीतीप्रमाणे म्हणायची, "तुमचं आयुष्य टिको." आता तर नुसतं दार वाजलं तरी तोंड तयार असायचं.

एके दिवशी कढत कॉफी तिच्या ओठावरून हनुवटीवर ओघळली आणि तिला खबर नाही. मुलगी रिहाब समोरच होती.

"आई, हे दुःख नाही. दुःख एकाच बाजूला कसं होईल?"

दातांच्या डॉक्टर सफीनाझना जबड्यात डावीकडे पाण्याची गाठ सापडली. "गाठ साधी आहे, हाज्जा," त्या तिला मानानं म्हणाल्या. "पण ओठाची नस हाडातल्या एका बोगद्यातून जाते आणि गाठ नेमकी तिच्यावर बसलीय. बोगदा कुठून जातो ते एक्स-रे फोटोत नीट दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही. नस तुटली तर ओठ कायमचा गेला."

"गेला तर गेला," इनशिराह म्हणाली.

"आणि टाचण्या काय नाकात धरणार?" रिहाब उसळली.

फोटोच्या खोलीत जिर्जिस होता, बोलघेवडा आणि मनानं चांगला. त्यानं तिची हनुवटी टेकवली, डोक्याला पट्टा बांधला. यंत्र भोवती फिरेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही. "आणि हसू नका हं हाज्जा, फोटो सोयरिकीला पाठवायचा नाहीये!"

तो काचेमागे रिहाबशेजारी आला, बटण दाबलं, यंत्र फिरू लागलं. तेव्हा रिहाबनं त्याला हळूच सांगितलं, आईचे काळे कपडे कशाचे ते. जिर्जिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विधवा बाईची थट्टा केली आणि सांत्वनाचा शब्दही नाही! त्यानं घाईघाईनं माइक सुरू केला.

"हाज्जा, उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

"तुमचं आयुष्य टिको," पट्ट्यात बांधलेली इनशिराह म्हणाली.

पडद्यावर बोगदे दोन दिसले.

"कुणाकुणाला असतात दोन," डॉक्टर पुटपुटल्या. मग त्यांनी हाडाची कड पाहिली. तीही दुहेरी होती. "हाज्जा, हललात का?"

"नाही," इनशिराहनं मनापासून सांगितलं. आपण बोललो हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"मी बोललो, डॉक्टर," जिर्जिस खाली मान घालून म्हणाला. "मयताचं होतं. गप्प बसणं बरं दिसलं नसतं."

"अरे बाबा, खोट्या बोगद्याला खरा समजून मी खऱ्यावर सुरी चालवली असती! यंत्र थांबल्यावर आयुष्य लाभलं नसतं का त्यांना?"

दुसऱ्या फोटोत बोगदा एकच होता. गाठीनं खाली दाबलेला, पण सलग. त्याला वळसा घालून डॉक्टरांनी गाठ काढली. "नस शाबूत आहे. जाणीव परत येईल, किंवा येणारही नाही. वाट बघायची."

इनशिराहनं वाट बघितली नाही. टाचण्या तिनं उशीला टोचून ठेवल्या. ओठ चिंधीसारखा होता आणि दिवसही तसेच.

हाड भरलं का ते बघायला काही महिन्यांनी पुन्हा फोटो होता. या वेळी काचेवर जिर्जिसनं हातानं लिहिलेला कागद होता: 'सांत्वन यंत्र थांबल्यावर.' त्यानं मुकाट्यानं पट्टा बांधला आणि स्वतःच्या ओठावर बोट ठेवून निघून गेला.

यंत्र फिरू लागलं. इनशिराहचं उत्तर सवयीनं तोंडाशी येऊन थांबलं होतं. पण कुणी काही म्हणालंच नाही. फिक्री गेल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणाला काही उत्तर द्यायचं नव्हतं, आणि तोंड तर बंदच होतं.

आता कशी गप्प?

डोळा भरला. पाणी गालावरून उतरत ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आलं आणि तिथे गुदगुली झाली. ओलं, कोमट. ओठाला कळलं.

पुसायला हात उचलावासा वाटला. पण हलायचं नव्हतं. यंत्र थांबेपर्यंत ती फिक्रीसाठी तशीच, जराही न हलता, रडली.