गुरुजींनी गप्प बसायचं

केशोराव गुरुजी निवृत्त झाले, पण त्यांच्यातला मास्तर काही निवृत्त झाला नाही. दरेकशाच्या शाळेत एखादं पोर पाढ्यात अडखळलं, की रस्त्यानं जाणारे गुरुजी खिडकीतून पुढचा आकडा सांगून जात. जित्याची खोड ती! म्हणून रीनानं घातलेली अट ऐकून ते बुचकळ्यात पडले.

रीना त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आता नागपूरच्या एका लहानशा कंपनीत शाळांसाठी व्हीआरचे धडे बनवायची. पुठ्ठ्याच्या डबीत फोन बसवायचा, डबी डोळ्यांना लावायची, की चहूकडे दुसरंच जग. तिचा पहिला धडा रात्रीच्या आकाशाचा होता. तो शाळाशाळांत जाण्याआधी मुलांना आपला आपण वापरता येतो का, ते तिला पाहायचं होतं.

"पोरं कुठं अडतात तेवढं पाहायचं, गुरुजी. सांगायचं काहीच नाही."

"अडलेल्या पोराले नुसतं पाहत बसू? मंग मी कायले पाहिजे तुले?"

"तुम्ही असले की पोरं बुजत नाहीत. पण तोंडाला कुलूप."

ओसरीवर चहा घेत दोघांनी चाचणी कशी घ्यायची ते ठरवलं. 'समजलं का?' हा प्रश्न गुरुजींनीच उडवला. "त्याले पोरं झोपेतबी 'होऽऽ' म्हणतात," ते म्हणाले. मग रीनानं नुसती हुशार मुलं नकोत, चौथीतली टीनाही हवी, असं सांगितलं, तेव्हा मात्र गुरुजींनी कप खाली ठेवला.

टीनाला वर्गात सगळे 'ढ' म्हणत. ती बोलायचीच नाही. गुरुजी रोज संध्याकाळी तिला घरी शिकवत, आणि आता कुठे ती त्यांच्यापुढे मोठ्यानं वाचू लागली होती. चारचौघांत फजिती झाली, तर पोर पुन्हा मिटून जाईल, ही त्यांना धास्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत चाचणी सुरू झाली. डबीत जे दिसे, तेच रीनाच्या हातातल्या दुसऱ्या फोनवरही दिसे. आधी काळोखं माळरान. समोर दोन पिवळी बटणं. एकाकडे थोडं टक लावून पाहिलं की आकाशात तारे उगवत, दुसऱ्याकडे पाहिलं की चंद्र.

पहिला योगराज. डबी लावली आणि मान खाली घालून खांबासारखा उभा राहिला. बऱ्याच वेळानं डबी काढली.

"काय दिसलं?" रीनानं विचारलं.

"आकाश! मस्त हाये, मॅडम!"

रीनाच्या फोनवर तर एक ताराही उगवला नव्हता. त्याच्यामागची मोनालीही तशीच मान खाली घालून उभी राहिली, आणि तिलाही 'मस्त' आकाश दिसलं.

मग टीना. तिनं डबी लावली आणि मान जराशी झुकवून ती जागच्या जागी थिजली. मुलं खुसखुसू लागली. "ढ हाये थे, तिले नाही जमत," कोणीतरी मागून बोललं. 'पिवळ्या बटणाकडे पाह बेटा', एवढंच तर सांगायचं होतं! ते उठलेच. रीनानं डोळे वटारले. एकेकाळी तेच तिच्याकडे बघून असे डोळे वटारत. ते मुकाट खाली बसू लागले, तशी खुर्ची करकरली.

"हालू नका जी, गुरुजी," टीना कुजबुजली.

"काऊन बेटा?"

"झुडपात बिबट बसला हाये. दोन डोळे चमकून राहिले. त्याच्या डोळ्यात पाहू नका."

रीनानं हातातल्या फोनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. काळोखात, झुडपाच्या उंचीवर, दोन पिवळे ठिपके! मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या या गावात प्रत्येक आई पोराला हेच शिकवते: डोळे चमकले तर पळू नको, डोळ्याला डोळा देऊ नको.

"मलेबी दिसला होता!" योगराज ओरडला.

"मंग सांगितलं काऊन नाही रे?" गुरुजींनी विचारलं.

"मॅडमनं आकाशाचा धडा म्हटला, मंग मी बिबट कसा सांगू?"

सगळ्यात मोठ्यानं गुरुजीच हसले. आपण मघाशी तोंड उघडलं असतं, तर ही चूक कोणालाच कळली नसती, आणि गावोगावची पोरं मुकाट मान खाली घालून उभी राहिली असती, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"टीना, बटण कुठं ठेवू मग?" रीनानं विचारलं.

"वरतं ठेवा ना. आकाशाचा धडा हाये तं खाली कायले पाहू?"

मुलांची जेवणं होईपर्यंत रीना लॅपटॉपवर खिळून होती. शेवटी दोन बटणांचं एक झालं, हिरवं, आणि तेही पार वर. टीनानं पुन्हा डबी लावली. मान वर केली. तोंडाचा आ झाला. मग तिनं गोल गिरकी घेतली आणि बोट वर केलं.

"गुरुजी, हा मोठा तारा कोनता जी?"

गुरुजींनी सवयीनं वर पाहिलं. वर शाळेची कौलं.

"मले नाही दिसत ना, बेटा. तूच सांग, कसा हाये?"

आणि भरल्या वर्गात, मोठ्या खणखणीत आवाजात, टीना सांगू लागली.