म्हैस व्याली का?

"वैनी, जरा बसून घ्या," म्हणत पोस्टमन हरिबानं कार्ड पुढं धरलं. कोपरा फाडलेला. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, एवढं निरक्षर राहीबाईलाही कळत होतं. हातातलं शेणाचं घमेलं तिनं खाली ठेवलं.

हरिबा वाचू लागला. "जोतीराम शनिवारी तापाने वारला. दुःख करू नये..." तो अडखळला. "खाली आणिक हाय. म्हैस व्याली का ते कळवावे. सरकी कमी करू नये."

राहीबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्यावर म्हशीची काळजी! अक्षर कुणाचं हाय?"

"त्येचंच की!"

दरोड्यात नाव आल्यापासून तिचा नवरा जोतीराम हद्दीपलीकडं सांगली संस्थानात लपला होता. इकडच्या पोलिसांचा हात तिथवर पोचत नसे, म्हणून ते म्हाताऱ्या सासऱ्याला चावडीवर उन्हात उभं करत. आणि हा शहाणा पत्रं टाकत बसे. वैरण भिजू देऊ नको, दावं बदल. बायको कशी आहे, हे एकातही नाही.

"खालचं म्हशीचं फाडतो," हरिबा कुजबुजला. "वरचं फौजदाराला दावू. मामांचा तरास चुकंल. पर तुमाला कुक्कू पुसाय लागंल."

"व्हय तर! मरायचं त्येनी आन् कपाळ माजं!"

तिनं सोप्याकडं पाहिलं. सासरा सुजलेल्या पायांना तेल चोळत होता. तिनं पदरानं कुंकू खसाखसा पुसलं, बांगड्या उंबऱ्यावर आपटल्या आणि अशी रडली की सगळी गल्ली गोळा झाली. रडू संतापाचं होतं, पण ते कुणाला कळणार?

पुढं म्हैस व्याली. मेलेल्या माणसाला कळवायचं कसं, यावरूनही ती चार दिवस धुसफुसत होती.

दिवाळीनंतर हरिबा पुन्हा आला. कार्डाचा कोपरा फाडलेला, अक्षर परकं. वाचून त्यानं मान खाली घातली.

"आता आनि कशाला मेलं?" राहीबाई खेकसली. "खाली काय लिवलंय?"

"खाली काय न्हाई."

"नीट बघा. म्हशीचं आसंल."

"न्हाई वैनी."

तिचा हात कपाळाकडं गेला. पुसायला तिथं काही नव्हतं. गोठ्यात रेडकू ओरडलं.

"रेडी झालीया," ती चिडून म्हणाली. "येवढं तरी इचारायचं!"