करियाच्या पायाखालची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, खरखरीत आणि आता बरीचशी कसरीने खाल्लेली. मित्रांनो, तुम्ही मला अंगावर घेतलंत तर मी टोचेन. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. टोचणं हाच माझा गुण होता आणि एका मुक्या जिवाला त्या गुणाचा फार आधार झाला होता. त्याचं पुढे काय झालं ते मी एकटीने पाहिलं. सांगून काही परत येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगते.

माझा जन्म अक्कलकोटाकडे मैंदर्गीला झाला. बिरप्पा नावाच्या धनगराने आपल्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, त्याच्या बायकोने, चिमाबाईने, ती पिंजून सूत काढलं आणि गावातल्या विणकराने मला विणलं. मग चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणून ठेवलं. बिरप्पाच्या घरी तेव्हा एक काळं कुत्र्याचं पिल्लू नुकतंच आलं होतं. ते दुडदुडत आलं आणि माझा एक कोपरा चाटून त्यावरची सगळी खळ खाऊन गेलं. चिमाबाई रागावली नाही. तिने त्याला उचललं आणि म्हणाली, "करिया, तुला बी ऊब लागती व्हय रं?" त्या भागात कानडी घरोघर चालते, करिया म्हणजे काळ्या. माझा तो कोपरा कायमचा मऊ राहिला आणि करिया जन्मभर त्याच कोपऱ्यावर निजला.

माळावरचे दिवस चांगले होते. पावसात बिरप्पा माझी खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडी. तो पुढचं बघे आणि मी मागचं बघे. मागे मेंढरं असत आणि मेंढरांच्या मागे करिया. कळपामागून चालताना भुंकायचं नाही, नाहीतर मेंढरं बुजतात, हे बिरप्पाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. करिया ते कधी विसरला नाही. तळावर दुसरे धनगर येत, मला चिमटीत धरून बघत आणि म्हणत, "लई घट हाय की!" मी मनातून फुगून जाई.

कळपात कधीकधी एखादं मेंढरू आजारी पडे. मान वाकडी करून एकाच जागी गिरक्या घेई, पडे, उठून पुन्हा गिरक्या घेई. धनगर त्याला गिरकी म्हणतात; तो मेंदूचा रोग असतो आणि त्यातून मेंढरू वाचत नाही. बिरप्पाच्या घराण्यात अशा मेंढराला सुरी लावत नसत. त्याला लांब नेऊन सोडायचं आणि परतताना मागे बघायचं नाही, अशी रीत होती. मागे बघितलं तर रोग नजरेबरोबर कळपात येतो, असं ते मानत. बिरप्पा कधी मागे बघत नसे. मी बघत असे. ती मेंढरं तिथेच गोल फिरत राहत. एकही आमच्या मागे आलं नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं माळावर गवतच उगवलं नाही. कळप संपला. बिरप्पा सोलापुरात गिरणीत लागला आणि आम्ही चाळीतल्या एका खोलीत राहायला आलो. साल एकोणीसशे तीसच्या पुढेमागे असेल. घोंगडीला साल कोण सांगतं? माळावरचा माणूस भोंग्यावर उठू लागला. खोलीत शहाबादी फरशी होती, गुळगुळीत आणि गार. बिरप्पाने गिरणीतली पांढरी चादर आणली आणि मी कोपऱ्यात गेले. करियाही म्हातारा झाला होता. तोही कोपऱ्यातच असे, माझ्या मऊ टोकावर. आम्हा दोघांचं काम संपलं होतं.

एके सकाळी करिया उठायला गेला आणि कोलमडला. पुन्हा उठला, डावीकडे फिरला, भिंतीवर आदळला, ओकला. मान डावीकडे कललेली आणि डोळ्यांतली बुबुळं एका बाजूला सरकून झटक्याने परत येत होती. फरशीवर त्याचे पाय चारी दिशांना फाकले. असा भेदरलेला तो मी कधी पाहिला नव्हता, लांडग्यासमोरसुद्धा नाही.

बिरप्पा दारात थबकला. "गिरकी," एवढंच तो म्हणाला आणि कामावर गेला.

चिमाबाईने मला पाटीत अंथरलं, माझ्यावर करियाला ठेवलं आणि पाटी डोक्यावर घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे डोळे, कान, पाय नीट तपासले. ते म्हणाले, "बाई, हा पिसाळलेला नाही. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी जागा असते, तिथे बिघाड झालाय. म्हाताऱ्या कुत्र्यांना होतो असा. ह्याला औषध फारसं नाही, पण सेवा केलीत तर पुष्कळदा आपोआप उतरतो. मान मात्र कदाचित वाकडीच राहील. पडू देऊ नका, उपाशी ठेवू नका आणि घाई करू नका."

चिमाबाईने घाई केली नाही. तिने मला खोलीभर पसरलं. माझ्या खरखरीत अंगात करियाची नखं रुतली आणि त्याचे पाय घसरायचे थांबले. मित्रांनो, आयुष्यात एवढा अभिमान मला कधी वाटला नाही. तिने जुन्या लुगड्याची पट्टी काढली, ती त्याच्या पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं हातात धरली आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात नेऊन आणू लागली. पाण्याची परात ती त्याच्या कललेल्या तोंडाशी धरी. ताकात कुस्करलेली भाकरी बोटांनी भरवी. एका अंगावर पडून जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलवी, कोमट तेलाने पाय चोळी. हंडा, जातं, चूल यांतली एकही वस्तू तिने जागची हलवली नाही, कारण करियाने ती खोली मनात धरून ठेवली होती. अंधारात तो जास्त घाबरे, म्हणून चिमणी मंद करून तेवती ठेवी. मागून हात लावत नसे. आधी समोर येऊन बसे, "बा करिया, बा," म्हणजे ये, ये, अशी कानडीत हाक मारी आणि मग त्याच्या बरगड्यांवर तळहात ठेवून बसून राही. हात तिथे असला की त्याचा श्वास संथ होई.

बिरप्पाला हे बघवत नसे. तो निर्दय होता असं समजू नका. त्याने करियाला आपल्या ताटातली भाकरी घालून वाढवलं होतं. पण त्याचा विश्वास माळावरचा होता.

"चिमे, कशाला हाल करतीस त्येचं?" तो म्हणे. "म्यां जलमभर मेंढरं राखली. गिरकी लागल्यालं एक बी उठलं न्हाय."

"आवं, पर ह्यो मेंढरू हाय का? डाक्टर म्हनला की, उतरंल म्हून."

"डाक्टरनं किती कळप राखलं?"

त्यातच शेजारचा गुरुबसप्पा दारात आला. त्याचं लेकरू नुकतंच रांगायला लागलं होतं आणि तो भ्यालेला होता. "बिरप्पा, तुजं कुत्रं पिसाळलंय. येत्या सुट्टीला न्हाय नेलंस तर मुन्शिपाल्टीची मानसं बोलवतो बग. ती गोळी घालतील."

"त्यो पानी पितोय की वो!" चिमाबाई कळवळून म्हणाली. गुरुबसप्पाने तिच्याकडे बघितलंही नाही.

गिरणीच्या सुट्टीचा दिवस उजाडला. चिमाबाई करियासाठी ताक आणायला गवळ्याकडे गेली. आणि त्या सकाळी, मित्रांनो, करिया आपला आपण उठला. इतके दिवस त्याचा सगळा भार डाव्या पायांवर पडे. मी खाली होते, मला कळे. त्या दिवशी चारही पायांचा भार माझ्यावर सारखा पडला. तो परातीपर्यंत गेला, पाणी प्याला आणि परत आला. पडला नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण बिरप्पा भाकरी फडक्यात बांधत होता. त्याने वळून पाहिलं तेव्हा करिया खाली बसला होता आणि बिरप्पाला दिसली ती फक्त वाकडी मान.

त्याने करियाला माझ्यात गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. गाव मागे टाकून तो मंद्रूपच्या वाटेला लागला. मोकळ्या वाऱ्याचा, मेंढरांच्या लेंड्यांचा वास आला तशी करियाची शेपटी माझ्या आत हलू लागली. त्याला वाटलं, आपण घरी चाललो आहोत.

"हितं मेंढरं उतरत्यात," बिरप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कोन बी तुकडा टाकंल तुला." गिरकी लागलेल्या जनावराला कुठलाही धनगर तळावर ठेवत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने करियाला एका बाभळीखाली ठेवलं, पुढ्यात भाकरी ठेवली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला पाठीवर टाकलं आणि चालू लागला. हुंदक्यांनी त्याचे खांदे हलत होते. रीतीप्रमाणे त्याने मागे पाहिलं नाही.

मी पाहिलं.

करिया उठला. माळाची जमीन माझ्यासारखीच खरखरीत असते, तिथे पाय घसरत नाहीत. त्याने भाकरीला तोंडही लावलं नाही. मान वाकडीच होती, पण तो सरळ आमच्या मागे निघाला. एकदाही गोल फिरला नाही. आणि तो भुंकला नाही. कळपामागून चालताना भुंकायचं नाही, हे त्याला शिकवलं होतं.

एकदा भुंकला असता तरी चाललं असतं. मी बिरप्पाच्या मानेला टोचत होते, जिवाच्या आकांताने टोचत होते. त्याने मला नुसतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. करिया येत होता. मग त्याची चाल मंदावली. तो बसला, उठला, थोडा आला, पुन्हा बसला. अखेर एका ओघळीच्या काठावर आडवा झाला आणि आमच्याकडे बघत राहिला. वाट वळली आणि मला तो दिसेनासा झाला.

खोलीत चिमाबाई ताकाचा तांब्या घेऊन उभी होती.

"करिया कुटं हाय?"

"मंद्रूपच्या वाटंला सोडला."

"मागं आला न्हाय?"

"न्हाय," बिरप्पा म्हणाला. "आला असता तर उचलून आनला असता की."

"तुमी मागं बगितलं?"

बिरप्पाने मला खांद्यावरून उतरवून खाली ठेवलं. तांब्या तसाच ठेवून चिमाबाई धावत सुटली. दिवे लागल्यावर ती परत आली, एकटी. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. ओघळीच्या काठापर्यंतही ती पोचली असेल. तिला कुणी सापडलं नाही. मग तिने मला घडी घालून कोपऱ्यात ठेवलं. झटकलं नाही, धुतलं नाही. माझ्या मऊ टोकाला त्याचे केस होते. पुढे कसर लागली तरी तिने मला उन्हात टाकलं नाही. बिरप्पाने मला पुन्हा कधी पाठीवर घेतलं नाही. मीही त्याच्या पाठीवर राहू शकले नसते.

मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं मुकं जनावर तोल जाऊन पडू लागलं, तर त्याचा निकाल लगेच लावू नका. जाणत्याला दाखवा. त्याच्या पायांखाली माझ्यासारखं काहीतरी खरखरीत अंथरा, पाणी तोंडाशी धरा, बरगड्यांवर हात ठेवून बसा आणि वाट बघा. वाट बघायला काहीच लागत नाही, तरी माणसांना तीच जमत नाही. आणि कधी त्याला सोडून निघालातच, तर एकदा मागे वळून बघा. तो भुंकणार नाही. पण येत असेल.